रात्री साडेदहाची घंटा

मुलांनो, भूत असतं का? आमच्या गावात एका रात्रीपुरतं होतं. आणि ते शाळेत होतं, बरं का!

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव छोटं. शाळेच्या घंटेवर निम्मं गाव चालतं. वस्तीवरची पोरं घंटा ऐकून पळत सुटतात, खिचडीवाल्या मावशी चूल पेटवतात, बाया खुरपायला निघतात. ही घंटा आता शिपाईकाका देत नाहीत. कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर देतो. रात्रंदिवस चालू राहून इतरांची कामं करणाऱ्या अशा कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात.

त्याच्या पोटात 'क्रॉन' नावाचा एक कारकून बसलेला असतो. ग्रीक भाषेत काळाला 'क्रोनॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव. 'युनिक्स'वर १९७० च्या दशकापासून तो काम करतो आहे. दर मिनिटाला तो उठतो, वही उघडतो आणि आत्ता काही काम आहे का ते पाहतो. वहीतली एक ओळ अशी:

३० १० * * १-६

आधी मिनिट, मग तास, मग तारीख, महिना आणि वार. फुली म्हणजे 'कोणताही'. म्हणजे सोमवार ते शनिवार, साडेदहाला. ओळीच्या पुढे काय करायचं ते लिहायचं: घंटा वाजव, मग राष्ट्रगीत लाव.

एका रविवारी मी त्या कॉम्प्युटरवर सगळं नव्यानं भरलं. सोमवारी साडेदहा वाजले, घंटा नाही! वस्तीवरची पोरं अकराला आली, खिचडीला उशीर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिघाड शोधताना अंदाजानं दहा ठिकाणी हात घालू नये. एकेक गोष्ट तपासावी. मी घंटेची आज्ञा स्वतः दिली. ठणठण वाजली! म्हणजे स्पीकर ठीक, आज्ञाही ठीक. क्रॉन जागा आहे का? होता. वहीतली ओळ? बरोबर. मग अडलं कुठं?

चार वाजता मैदानावर खो-खो चालू होता. अचानक घंटा झाली आणि राष्ट्रगीत सुरू! पळणारी पोरं जागच्या जागी सावधान. खो मिळालेला गडी अर्धा उठलेला, तोही ताठ उभा. राष्ट्रगीत संपल्यावर चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, साडेदहाची चारला झाली. साडेपाच तास उशिरा."

मी कॉम्प्युटरला वेळ विचारली. म्हणाला, १० वाजून ३४ मिनिटं! हा प्रश्न सकाळीच विचारायला हवा होता, पण सुचलाच नाही. नव्यानं भरताना मी देश निवडायला विसरले होते, म्हणून तो जागतिक वेळ धरून बसला होता. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढं.

साडेपाचच का? सूर्यासमोर पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. भारताची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर. भागून पाहा. आपला धाराशिव ७६ अंशांच्या आसपास, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर साधारण २६ मिनिटं उशिरा येतो. मुंबईचं तर वेगळंच घड्याळ होतं, ३९ मिनिटं मागं. १९०६ मध्ये भारताची एक वेळ ठरली, तरी 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकला. आपण मराठी माणसं हट्टी!

असो. मी कॉम्प्युटरला भारताची वेळ सांगितली. घड्याळ बरोबर दिसू लागलं. खूश होऊन घरी गेले.

संध्याकाळी सातला बंद शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली. रात्री साडेदहाला शाळा सुटल्याची! कुत्री भुंकायला लागली. पारावरची मंडळी उठून घरी गेली. एका आजींनी दारात लिंबू ठेवलं म्हणे.

सकाळी उलगडा झाला. घड्याळ मी बदललं, पण क्रॉनला कुणी सांगितलंच नव्हतं. तो सुरू होताना जी वेळ धरतो, तीच धरून चालतो. त्याला एकदा बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. केलं. मग आम्ही सगळे, गावातले चार-दोन जण धरून, स्पीकरकडं बघत उभे राहिलो.

साडेदहा. ठणठण!

आजींचं लिंबू मात्र अजून दारात आहे.