मुद्दल किती, व्याज किती?

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. लूट झालीच, पण लोकांना खरे हवे होते ते कागद: कर्जखतं, रोखे, हुकूमनामे. पुढचे काही आठवडे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरत राहिलं. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला दिसलं ते असं, की जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली तिथे बहुधा त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद जाळून लोक घरी गेले.

या उठावाची कारणं शाळेच्या पुस्तकांतही असतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला, आणि १८६७ पासून इंदापूर, भीमथडी या भागांत फेरआकारणीने सारा वाढला. हे खरंच आहे. पण राग कागदावरच का निघाला, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी खत कसं लिहिलं जाई ते पाहावं लागतं.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, भल्याचा होता. झालं उलटं. मुदत संपायच्या आत सावकार कुळाकडून नवं खत लिहून घेऊ लागला आणि जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नव्या खतात ‘मुद्दल’ म्हणून मांडू लागला. समजा, शेकडा २४ दराने १०० रुपये घेतले आणि काहीच फेडता आलं नाही. तीन वर्षांनी खत १७२ रुपयांचं झालं, सहा वर्षांनी २९६चं, नऊ वर्षांनी ५०९चं. घरात आले होते फक्त शंभर. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना नियम तेव्हाही चालत होता, पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो अडवणार कशाला? अशा खतावर दावा लागे. कूळ कोर्टात जातच नसे. जाऊन बोलणार काय, खतावर निशाणी तर त्याचीच. एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती, मग लिलाव. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात एका सावकाराने हुकूमनामा बजावून देशमुखाचं घर पाडलं, तेव्हा, डिसेंबर १८७४ मध्ये, अख्ख्या गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला होता.

दंगलीनंतर चार वर्षांनी, मधल्या भीषण दुष्काळानंतर, दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. १८७९चा हा कायदा आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्याने सरसकट माफी दिली नाही; हिशेब उघडायला लावला. कुळाने दावा कबूल केला तरी कोर्टाने व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडायचा. मधल्या खतांनी मुद्दलात घुसवलेलं व्याज बाहेर काढायचं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैद नाही, आणि खास गहाण न टाकलेल्या जमिनीचा लिलावही नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८७ पासून याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

कायद्याला पळवाटाही फुटल्या. गहाणखतात कोर्ट शिरतं म्हटल्यावर सावकार सरळ खरेदीखत करून घेऊ लागले. ‘पैसे दिलेस की जमीन परत’ हे तोंडी. तेव्हा खरेदीखत मुळात गहाणच होतं, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करायची मुभा पुढच्या दुरुस्तीने द्यावी लागली. खरेदीखताची ही पळवाट आजही वाहती आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यात जिल्हा उपनिबंधकाला चौकशी करून, मागच्या पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात बळकावलेली जमीन कर्जदाराला परत करण्याचा आदेश देता येतो, तो याचसाठी. कर्जमाफीच्या याद्या बँकांच्या खात्यांवर चालतात. खासगी सावकाराचं देणं त्यांत सहसा येत नाही. म्हणून हे कलम मला माफीच्या घोषणांपेक्षा मोलाचं वाटतं.

आता शहरातल्या, हप्ते थकलेल्या घराकडे पाहा. २००२च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक, मग ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. शेतजमीन यातून वगळली आहे, राहतं घर नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्याकडे जाते, तेव्हा तिथे बँकेचं प्रतिज्ञापत्र तपासलं जातं. कर्जाच्या हिशेबात कुणी शिरत नाही. दाद मागायची तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत. नोकरी गेलेल्या माणसाने वकिलाची फी आणि प्रवासखर्च कुठून काढायचा? घरावर टाच येण्यापूर्वी एकदा तरी, कर्जदाराने मागो न मागो, तालुक्याच्या ठिकाणी कुणीतरी त्याचा हिशेब उघडून पाहिलाच पाहिजे. चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी हे १८७९ मध्ये जमलं होतं.

तोवर जे हातात आहे ते वापरावं. वसुली एजंटाने सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे; फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवावा, तक्रारीत तोच पुरावा. ६० दिवसांच्या नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत बँकेचं संपूर्ण देणं भरून घर सोडवता येतं. हरकत लिहिण्याआधी खात्याचा पहिल्या हप्त्यापासूनचा उतारा मागवावा. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवायची नाही, तिच्यावर आणखी व्याज लावायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३चा आदेश आहे. उताऱ्यात तशी ती मिळवलेली दिसली, तर हरकतीच्या अर्जात सगळ्यांत आधी तेच लिहावं, तारीख आणि रकमेसकट.