एका विंचवाची चार नावं

मैत्रिणीची मुलगी बालरोगशास्त्रात एमडी करते. विंचूदंशावरच्या प्रबंधासाठी तीन रात्री पबमेड हा वैद्यकीय लेखांच्या नोंदींचा साठा उपसूनही तिच्या हाती बोटांवर मोजण्याइतके लेख लागले. तिच्या वर्गमित्राचं असंच अडलेलं काम कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी एका दुपारी मार्गी लावलं होतं. बाईंचा हा झपाटा बघावा म्हणून मी तिच्याबरोबर गेले.

झपाटा कसला! पहिली वीस मिनिटं बाईंनी कीबोर्डला हातच लावला नाही. आखीव लांब वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं आणि मुलीनं काय टाइप केलं होतं ते विचारलं. 'ग्रामीण भागातल्या मुलांना लाल विंचू चावल्यास प्राझोसिन या औषधाचा कितपत उपयोग होतो', असं अख्खं वाक्य तिनं इंग्रजीत टाकलं होतं.

"अगं, हा परीक्षेतला प्रश्न झाला. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द लेखाच्या नोंदीत हवाच, असं पबमेड धरून चालतं. लेखकानं 'ग्रामीण' न म्हणता नुसतं 'महाड' लिहिलं असेल, तर तो लेख गेला." 'ग्रामीण'वर काट बसली. 'उपयोग'वरही.

मग दोन रकाने: विंचू आणि प्राझोसिन. विंचवाच्या रकान्यात बाई सावकाश लिहीत गेल्या: बुथस टॅम्युलस, मेसोबुथस टॅम्युलस, हॉटेन्टोटा टॅम्युलस, इंडियन रेड स्कॉर्पियन. चार नावं, जनावर एकच. शास्त्रज्ञ वर्गीकरण बदलतात, पण छापून झालेले लेख जुन्याच नावानं राहतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आली, तिच्या शीर्षकात मेसोबुथस आहे. नुसतं हॉटेन्टोटा टाकणाऱ्याची ती हुकण्याचीच शक्यता जास्त.

तीच चाचणी बाईंनी पडद्यावर काढली आणि नोंदीच्या तळाशी गेल्या. तिथे 'मेश'चे शब्द होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही १९६० पासूनची ठरीव शब्दांची यादी. लेखक काहीही म्हणो, नोंद करताना लेखाला त्यातलेच शब्द लावतात. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. एक चांगला लेख सापडला की त्याच्या पाठीवर काय काय आहे ते बघायचं." पण पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना मेश लागलेलं नसतं, म्हणून चार नावंही हवीतच.

जोडणी सोपी. एका रकान्यातले शब्द 'ऑर'नं जोडून कंसात घालायचे, दोन रकाने 'अँड'नं जोडायचे. मुलगी कंस विसरली आणि लेखांचा पूर आला. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, कंस नसेल तर शेवटचा 'ऑर' बांध फोडतो. 'नॉट'ला मात्र बाई नांगीला जपावं तशा जपून होत्या. 'प्राणी नकोत' म्हटलं, की माणूस आणि प्राणी दोन्ही असलेले लेखही जातात.

"मॅडम, हे सगळं एआयला विचारलं तर?"

"विचार की. पण कसं शोधलंस, ते प्रबंधात लिहावं लागेल. परीक्षकानं तुझी शोधाची ओळ टाकून बघितली तर त्यालाही तेच लेख दिसायला हवेत."

मला पटलं. कदाचित पेन्सिलीमुळे असेल. पडद्यासमोर बसलं की आपण आपल्याच शब्दांत विचारतो. बाई मात्र, ज्यांचा लेख अजून पाहिलाही नाही, त्या लेखकांनी काय लिहिलं असेल ते आठवत बसल्या होत्या.

अखेर त्यांनी पूर्ण ओळ, तारीख आणि आलेल्या लेखांचा आकडा वहीत उतरवला. चार नावांखालची एक ओळ कोरीच होती. राहून गेली वाटून मी बोट दाखवलं.

"ती पाचव्यासाठी," बाई म्हणाल्या.