‘एलईडी’ मॉनिटरच्या आत काय असते?

दुकानात ‘एलईडी’ म्हणून विकला जाणारा संगणकाचा मॉनिटर बहुतेक वेळा एलसीडीच असतो. एलईडी हे त्यातले फक्त मागचे दिवे. चित्र घडते ते त्यांच्यापुढच्या द्रवस्फटिकांच्या (विजेच्या प्रभावाने कणांची दिशा बदलणाऱ्या पदार्थाच्या) थरात. खिडकीच्या झडपेच्या पट्ट्या फिरवून ऊन कमीजास्त करावे, तसा हा थर मागचा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. स्फटिक कसे वळतात, त्यावर पॅनेलचा प्रकार ठरतो.

टीएन पॅनेल स्वस्त आणि चपळ असते. पण खालून पाहिले की रंग पार उलटेपालटे दिसतात. आयपीएसमध्ये स्फटिक पडद्याला समांतर राहूनच फिरतात, म्हणून बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. छायाचित्रे आणि रोजचे लेखन यांना हेच सोयीचे. त्याची उणीव अंधाऱ्या खोलीत कळते: प्रकाश थोडा झिरपतोच आणि काळा रंग राखाडी भासतो. आयपीएसचे काँट्रास्ट गुणोत्तर (पांढऱ्या आणि काळ्याच्या तेजाचे प्रमाण) साधारण 1000:1, तर व्हीए या तिसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे 3000:1 च्या आसपास असते. चित्रपटांना व्हीए शोभते. मात्र गडद दृश्यांत हलत्या वस्तूंमागे पुसट शेपूट दिसू शकते.

ओलेडमध्ये मागचे दिवेच नसतात. प्रत्येक पिक्सेल (चित्राचा सर्वांत छोटा ठिपका) स्वतः उजळतो किंवा पूर्ण विझतो. पण एकच टास्कबार महिनोन्‌महिने दिसत राहिल्यास त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो.

‘फुल एचडी’ किंवा ‘4के’ ही नावे ठिपक्यांची संख्या सांगतात. पॅनेलचा प्रकार तपशीलपत्रकात वेगळा पाहावा लागतो.