मोटारीच्या रंगाची झिलई

वीस-बावीस वर्षांपूर्वीं हौसेनें घेतलेली मोटार आपल्यापैकीं अनेकांच्या दारांत अद्याप उभी असेल. यंत्र धडधाकट, आसनें शाबूत. परंतु टपावर व बॉनेटवर पांढुरकी कळा आलेली. रंगकामवाल्यास दाखविली, तर एक सांगतो, "पॉलिश मारूं", दुसरा म्हणतो, "सगळें घासून नवा रंग देऊं." यांतील कोणताहि सल्ला सरसकट खरा नाहीं. झिलई मंदावणें आणि झिलईचा थरच मरणें हे दोन निराळे विकार आहेत. एकाचें औषध दुसऱ्यास दिलें, तर पैसा जातोच, शिवाय गाडीचा मूळ रंगहि जातो. कारखान्यांत सुटा सांगाडा सुमारें १४० अंश सेंटिग्रेडच्या भट्टींत भाजून निघतो. आसनें, तारा व काचा बसविलेली गाडी पुन्हां तशी भाजतां येत नाहीं.

पूर्वीं रंग व चकाकी हीं एकाच लेपांत असत. १९८० नंतरच्या दशकांत निराळी पद्धत जगभर रूढ होत गेली. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर एक रंगहीन पारदर्शक थर. यासच रंगकामवाले 'क्लिअर' म्हणतात. चंदेरी व तत्सम मेटॅलिक रंगांस तो असावाच लागतो, कारण खालच्या रंगास स्वतःची चकाकी नसते. याची जाडी साधारणपणें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरील केसाहूनहि कमी!

या थराचा मुख्य शत्रु म्हणजे सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण. ते शोषून घेणारीं द्रव्यें क्लिअरमध्यें मिसळलेलीं असतात, परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हानें तीं संपत जातात. शाळेंतील भिंतीवरचे वार्निश दिलेले नकाशे खिडकीकडील बाजूस आधीं कसे पिवळे पडून तडकत, हें आपणांपैकीं कित्येकांस आठवेल; येथेंहि जात तीच. ऊन थेट पडतें म्हणून टप, बॉनेट व डिकी आधीं बिघडतात. दारें पुष्कळ काळ टिकतात. पांखरांची विष्ठा व झाडांचा डिंक यांची भर निराळी. प्रथम केवळ पृष्ठभाग खरखरीत होऊन प्रकाश विखुरतो. पुढें सूक्ष्म तडे जातात, ओल आंत शिरते, आणि क्लिअरची खालच्या रंगावरील पकड सुटून पापुद्रे निघूं लागतात.

निदानासाठीं गाडी धुवून सावलींत कोरडी करावी व निस्तेज भागावर पाणी शिंपडावें. पाणी बारीक खाचा भरून काढतें, म्हणून रंग उजळला तर आशेला जागा आहे. परंतु एवढ्यावर विसंबूं नये. जेथील क्लिअर समूळ गेला आहे ती जागाहि ओली असतां उजळते. म्हणून डागाच्या कडेवरून नख हलकेच फिरवावें. पायरी लागली किंवा पापुद्रा उचलला गेला, तर थर सुटला असें खुशाल समजावें. तिसरी परीक्षा फडक्याची. सुती पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन एका कोपऱ्यांत घासावें. गाडी पांढरी असल्यास फडकें काळें घ्यावें. फडक्यावर रंग उतरला, तर गाडी जुन्या एकलेपी पद्धतीची आहे किंवा क्लिअर झिजून गेला आहे. रंग न उतरल्यास थर अद्याप शिल्लक आहे.

थर शिल्लक असून नुसता खरखरीत असेल, तर सौम्य पॉलिश पुरे. तें प्रथम वीतभर जागेवर करून पाहावें. गुण न आला तरच अधिक तीव्र घ्यावें. पत्र्याच्या कडांवर यंत्र फिरवूं नये, तेथें थर चटकन् निघतो. पॉलिश म्हणजे क्लिअरचा वरचा कांहीं अंश घासून काढणें होय. म्हणून दर दिवाळीस बफिंग करवून घेण्याचा प्रघात मला घातक वाटतो. त्यापेक्षां कांहीं महिन्यांनीं मेणाचा हात द्यावा. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चमक मात्र गाडी विकणाऱ्याच्याच उपयोगाची.

पापुद्रे निघत असतील, तर कितीहि पॉलिश व्यर्थ आहे. यंत्राच्या घासणीनें आणखी पापुद्रे सुटतील. तथापि सगळी गाडी रंगविण्याचेंहि कारण नाहीं. बिघडलेला तेवढाच भाग घ्यावा. तो वॉटर पेपरनें बोटास पायरी लागणार नाहीं इतका घासावा, आणि त्यावर रंग व क्लिअर त्या भागाच्या कडेपर्यंत फवारावा. मध्येंच ठिगळ दिल्यास सांधा दिसतो व पुढें तेथूनच उचलतो. शाबूत दारांस हात लावूं देऊं नये. रंग जुळवितांना नुसत्या कंपनीच्या कोडवर भागत नाहीं. ऊन खाल्लेला शेजारचा पत्रा समोर ठेवावा. क्लिअर हार्डनर मिसळण्याचाच असावा, तो टिकाऊ होतो. मात्र त्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुफ्फुसांस अपायकारक असून त्यानें दमा जडूं शकतो, व कापडी मुखपट्टीनें तें अडत नाहीं. तेव्हां हें काम घराच्या अंगणांत करूं नये.

नव्या क्लिअरवर महिनाभर मेण लावूं नये. आणि धुळीनें भरलेल्या गाडीवर आच्छादन घालण्याची घाई नको. वाऱ्यानें तें हललें कीं खालची धूळ वॉटर पेपरचेंच काम करते.