रेतीचा किल्ला, पण समुद्राशिवाय

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

रेतीचे किल्ले म्हटलं की जुहू नाहीतर गोवा डोळ्यांसमोर येतं. चंद्रपूर-गडचिरोलीहून समुद्र केवढा लांब! पण रेती आपल्याला काय कमी आहे? महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत बघा. मोठी माणसं दर्शनाच्या रांगेत आणि पोरं खाली वैनगंगेच्या पात्रात. पाऊल रेतीत ठेवायचं, वरून ओली रेती थापायची, पाय हळूच काढायचा. झाला खोपा! हरतालिकेला तर बाया रेतीचीच पिंड करतात. पार्वतीने रेतीचं शिवलिंग करून पूजा केली, अशी कथा आहे ना.

आता ही पिंड रात्रभर उभी कशी राहते? कोरडी रेती ओतली की साधारण 30 ते 35 अंशांचा उतार होतो, त्याहून उभी ती राहतच नाही. थोडं पाणी घातलं की दोन कणांच्या मधे पाण्याचा बारीकसा पूल तयार होतो. पाण्याचा पृष्ठताण त्या दोन कणांना एकमेकांकडे ओढतो. असे लाखो पूल मिळून भिंत धरून ठेवतात. पण पाणी जास्त झालं, कणांमधली सगळी हवा निघून गेली, की पूल संपले. मग उरतो तो चिखल.

किती पाणी? 2012 मध्ये ॲमस्टरडॅमचे डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलं. आकारमानाच्या जेमतेम 1 टक्का! म्हणजे 10 लिटरच्या बादलीभर रेतीला 100 मिलिलिटर, अर्धा पेला. हाताने एवढं सारखं मिसळत नाही, म्हणून आपण थोडं जास्त घालतो, ते ठीक. खरी गंमत ठोकण्यात आहे. थर टाका, थापा, पुन्हा थर टाका. आणि उंची हवी तर बुड रुंद करा. पण हिशोब सरळ नाही. बुड 8 पट रुंद केलं तर उंची फक्त 4 पट मिळते.

आता जे सांगायला हा भाग केला, ते. जे पाणी किल्ला उभा ठेवतं, तेच खड्ड्याची भिंतही उभी ठेवतं. आणि ऊन लागून ते उडालं की भिंत एकदम बसते, आधी काही सांगत नाही. पोरं खोल झिरा खोदून आत उतरतात, तेव्हा हे होऊ शकतं. रेतीखाली दबलेल्या माणसाला ओढून काढणं फार अवघड, कारण बाजूची रेती सारखी आत येते. खड्डा पोराच्या गुडघ्याहून खोल नको, आणि बोगदा तर नकोच.

दुसरं, रेतीघाटावरचे उपशाचे खड्डे. उन्हाळ्यात ते डोळ्यांना दिसतात. भाद्रपदात, नेमकं विसर्जनाच्या दिवसांत, ते गढूळ पाण्याखाली असतात. काठ उभा तुटलेला असतो, एक पाऊल घोटाभर पाण्यात आणि पुढचं थेट डोक्यावर. मला विचाराल तर ट्रक जिथे उतरतात त्या घाटावर विसर्जनाला जाऊच नका. गावातल्या ढिवर मंडळींना विचारा, पात्र कुठे खोल झालंय ते त्यांना माहीत असतं. नाहीतर बादलीत विसर्जन करा, रेती तुळशीच्या कुंडीत जाते.