वाकोल्यातली खोली, परभणीतली रांग

मुंबई महानगरपालिकेने संस्थांना दिलेल्या जागा पाहिल्या तर त्यांत बालवाड्या, वाचनालयं, व्यायामशाळा सापडतील. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या नेहरू रोडवर पालिकेची एक जुनी इमारत. तिच्यात हमसफर ट्रस्टला कार्यालयासाठी जागा मिळाली. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या आरोग्यासाठी काम करणारी ही संस्था १९९४ साली अशोक राव कवी यांनी सहकाऱ्यांसह सुरू केली. पालिकेने तिला जागा दिली तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड विधानातलं कलम ३७७ पूर्ण जोरात होतं. ज्यांना कायदा गुन्हेगार मानत होता, त्यांच्या बैठकांवर छप्पर सरकारी होतं. मला या संस्थेच्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. संस्थेबद्दल लिहिणारे मात्र मोर्चे आणि चित्रपट महोत्सवांकडे आधी वळतात.

राव कवी पेशाने पत्रकार. १९८६ मध्ये ‘सॅव्ही’ मासिकात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं आणि १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं. पण मासिक वाचून मन हलकं होतं, गुप्तरोग बरा होत नाही. रोग अंगावर काढण्याचं कारणही साधं होतं. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायचा, लग्न झालंय का? दुसरा, बाहेर कुठल्या बाईकडे गेला होतास का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की तपासणी तिथेच थांबायची. गुदद्वाराशी जखम असेल तर पेशंट मूळव्याधीचं मलम मागून घरी परतायचा. अनेक जण लग्न झालेले असत. मग तो आजार बायकोपर्यंत जायचा.

यावर तोडगा निघाला तो सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. तिथल्या त्वचा व गुप्तरोग विभागाशी हमसफरने काम जोडून घेतलं. डॉक्टर रुग्णालयाचे, औषधं सरकारी, आणि पेशंटसोबत केसपेपरच्या खिडकीपासून तपासणीच्या पडद्यापर्यंत चालत जाणारा माणूस समाजातलाच. भागीदारी हा शब्द सरकारी कागदांवर फार स्वस्त झाला आहे. इथे तिचा अर्थ बाकड्यावर शेजारी बसणारा माणूस एवढाच होता. डॉक्टरांनी काय विचारावं, कोणत्या शब्दांत विचारावं, हे त्या माणसाने त्यांना शिकवलं. गोळ्या पूर्ण का घ्यायच्या, हे त्याने पेशंटला शिकवलं.

आपल्यातल्याच माणसाने आपल्यात जायचं, ही रीत एकट्या मुंबईची नव्हे. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर हेच केलं. आपल्याकडे सांगलीत, त्याच वर्षी सुरू झालेल्या मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने ते केलं आणि तिथूनच पुढे पुरुष व तृतीयपंथी वेश्यांची ‘मुस्कान’ ही संघटना उभी राहिली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने ही रीत उचलून तिचं सरकारी यंत्र बनवलं. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात त्याला ‘टीआय’, म्हणजे ‘टार्गेटेड इंटरव्हेन्शन’, म्हणतात. एका ‘पीअर’कडे साधारण साठ माणसं, कंडोम, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि गरज पडली तर सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’. तिथली औषधं रंगीत डब्यांत येतात: स्रावासाठी करडा, व्रणासाठी पांढरा, पेनिसिलिन चालत नसेल तर निळा. निरक्षर माणसालाही आपला डबा ओळखता येतो. सरकारी आरोग्यसेवेत इतकी समजूतदार गोष्ट क्वचित आढळते.

हे यंत्र किती ठिसूळ जमिनीवर उभं होतं, ते जुलै २००१ मध्ये लखनौत दिसलं. ‘भरोसा’ आणि तिच्या सहकारी संस्थेचे चार कार्यकर्ते पोलिसांनी पकडले. एड्स प्रतिबंधाचं साहित्य पुरावा ठरलं आणि त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावं लागलं. सरकारचं एक खातं जे काम करायला सांगत होतं, त्याचंच साहित्य दुसऱ्या खात्याने मुद्देमाल म्हणून जप्त केलं. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, आणि तिचा एक मुख्य मुद्दा आरोग्याचाच होता: लपून राहणाऱ्या माणसापर्यंत औषध पोहोचत नाही. २००९ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळून प्रश्न निकालात काढला.

आता या यंत्राच्या मर्यादा. पहिली दिसते परभणीत. २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार वस्तीचा, नऊ तालुक्यांचा जिल्हा. एचआयव्हीची मोफत तपासणी आणि त्यावरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्या जिल्हा रुग्णालयात मिळतात. पण परभणी म्हणजे मुंबई नव्हे. सायनच्या रांगेत पुढचा-मागचा कोण हे कुणाला ठाऊक नसतं. इथे रांगेत मामाचा शेजारी असतो, केसपेपर लिहिणारा शाळेतला सोबती निघतो. म्हणून गोपनीयतेचा नियम कितीही चोख पाळला तरी त्या दारात उभं राहणं हीच बातमी होते. ज्यांना परवडतं ते संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. पुष्कळ जण देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेस पकडून कामासाठी मुंबईला जातात आणि तिथेच पहिल्यांदा कुणाशी मोकळं बोलतात.

या यंत्राची दुसरी मर्यादा त्याच्या जन्मातच आहे. त्याला पैसा मिळाला तो विषाणूमुळे. २०१७ च्या सरकारी आकड्यांनुसार सर्वसाधारण प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२२ टक्के होतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत २.६९ आणि तृतीयपंथीयांत ३.१४ टक्के. आकडे खरे, त्यांच्यावर खर्च करणंही रास्त. मात्र जो ‘अतिजोखमीच्या गटात’ नाही तो या यंत्राला दिसतच नाही. लेस्बियन स्त्रिया त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हत्या. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’, म्हणजे आजची ‘लेबिया’, उभी राहिली ती स्वतःच्या हिमतीवर. परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या एखाद्या मुलीला घरचे जबरदस्तीने उजवू पाहत असतील, तिची झोप उडाली असेल, तर कोणत्याही रंगाचा डबा तिच्या कामाचा नाही. तिला बोलायला माणूस हवा, तोही मराठी बोलणारा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन करून हेल्पलाइन चालवली आणि लैंगिकतेवर मराठीत पुस्तकं लिहिली, ती याच गरजेपोटी.

सरकारची भूमिका इथे दुतोंडी आहे, आणि तसं म्हणायला हरकत नसावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारात भेद करायला मनाई केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलिंगी माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. आणि त्याच २०१७ च्या रक्तदानाच्या नियमांनी समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांना रक्त देण्यापासून सरसकट बाहेर ठेवलं.

परदेशी पैशाचा भरवसा किती धरायचा, हेही नुकतंच कळलं. अमेरिकी मदतीवरचे, तृतीयपंथीयांनीच चालवलेले ‘मित्र’ दवाखाने २०२१ मध्ये हैदराबादेत आणि पुढे पुणे व कल्याणला सुरू झाले. तिथे हार्मोनचा सल्ला, मानसिक आधार, साधा तापखोकलाही एका छताखाली पाहिला जाई. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली आणि काही आठवड्यांत त्यांना टाळं लागलं. सांगलीच्या ‘संग्राम’ने २००५ मध्येच अमेरिकी पैसा अटींमुळे नाकारला होता. तेव्हा तो हट्ट वाटला असेल. वाकोल्याच्या जागेला अशी भीती नव्हती, कारण तिचा मालक इथलाच होता.

परभणीलाही सुरुवातीला फार काही लागणार नाही. रुग्णालयाच्या आवारात, पण एआरटीच्या दारापासून दूर, एक खोली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा एक समुपदेशक. आणि समाजातले दोघे-तिघे, त्यांना मानधन नियमित मिळावं. दारावर रोगाचं नाव नको. वेळ दुपारनंतरची ठेवावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. गंगाखेड, पूर्णा, सेलूच्या माणसाला परतीची गाडी मिळेल इतक्यात ती संपावी. जिंतूरला रेल्वे नाही. तिथल्यांसाठी एसटीचं वेळापत्रक पाहावं लागेल.