हाताशी फक्त चाळीस दिवस!

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेलेला असतो, बारावीची पूर्वपरीक्षा समोर दिसत असते आणि अशातच एके रात्री जेवताना मुलगी जाहीर करते, "बाबा, मला वकील व्हायचंय. 'क्लॅट'चा फॉर्म मी भरलाय." बाबांच्या हातातला घास तिथेच थांबतो. "परीक्षा कधी आहे?" "डिसेंबरच्या पहिल्या रविवारी." आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहते. जेमतेम चाळीस दिवस!

असा प्रसंग आता पुष्कळ घरांत घडतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ही सामाईक परीक्षा २००८ साली सुरू झाली. पूर्वी ती उन्हाळ्यात होई. २०२२ पासून ती डिसेंबरात आली आणि तिची तयारी बारावीच्या ऐन अभ्यासात येऊन पडली. काही मुले अकरावीपासून क्लासला जातात. मग ज्यांनी उशिरा ठरवले, त्यांनी फॉर्मचे चार हजार रुपये पाण्यात गेले असे समजायचे का?

मुळीच नाही. मात्र आईवडिलांनी एक गोष्ट आधी पडताळून पाहावी. मुलीला इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख एका बैठकीत वाचून त्याचे सार सांगता येते का? येत असेल, तर चाळीस दिवसांत बरेच काही होऊ शकते. येत नसेल, तर या परीक्षेवर सगळी भिस्त ठेवू नये. पेपर फक्त इंग्रजीत असतो आणि तो खरे तर वाचनाचाच पेपर आहे.

घोकून काय उपयोग?

दोन तास आणि १२० प्रश्न. बहुतेक प्रश्न साधारण ४५० शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर असतात. म्हणजे उतारा वाचण्याचा वेळ धरून एका प्रश्नाला एकच मिनिट. २०२० साली पेपरचे हे रूप आले, तेव्हापासून जाडजूड सामान्यज्ञानाची पुस्तके पाठ करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

सर्वांत धास्ती असते ती कायद्याच्या प्रश्नांची. गंमत म्हणजे त्यांना कायदा आधी माहीत असावा लागत नाही. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे : दुसऱ्याच्या खासगी जागेत परवानगीशिवाय जाणे म्हणजे अतिक्रमण, हेतू कोणताही असो. पुढे हकीकत : चेंडू आणायला एक मुलगा शेजाऱ्याची भिंत चढून आत गेला. हे अतिक्रमण आहे का? हुशार मुले इथेच चुकतात. "लहान मुलगा तो, चेंडूच तर आणायला गेला!" असे म्हणून ती 'नाही' लिहितात. पण नियमाने हेतूचा विचारच बाद केला आहे, तेव्हा उत्तर 'होय'. आपले मत बाजूला ठेवून दिलेला नियम दिलेल्या हकीकतीला लावायचा, एवढीच ही युक्ती. रोज दोन-तीन उतारे सोडवले, तर आठवड्याभरात हात बसू लागतो. घरातल्या कोणाला वादाची हौस असेल, तर त्यांनाही समोर बसवावे!

चालू घडामोडींसाठी वर्षभराच्या ठळक बातम्या पुरेत, पण पार्श्वभूमीसकट. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, एवढे माहीत असून भागत नाही. का आली, काय बदलले, हेही हवे.

गणिताचे दहा ते चौदा प्रश्न असतात. कला शाखेच्या मुली ते सरळ सोडून देतात. हे नुकसानीचे आहे. शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, सारे दहावीपर्यंतचेच. रोज अर्धा तास पुरे.

दुपारी दोन ते चार

शेवटचे पंधरा दिवस सराव पेपरचे. जुने पेपर संकेतस्थळावर मिळतात. ही परीक्षा दुपारी दोन ते चार या वेळेत होते आणि पोटभर जेवल्यावर डोळे मिटू लागणारी मुले काही कमी नाहीत! म्हणून सरावही त्याच वेळेला, हलके जेवून, बॉलपेनने गोल भरून करावा. काळा केलेला गोल खोडता येत नाही.

चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून काही मुले शंका आली की प्रश्न सोडतात. जरा हिशेब करा : चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळले, तर उरलेल्या दोहोंतला एक निवडण्यात सरासरीने फायदाच आहे. मात्र एकाच प्रश्नाशी तीन मिनिटे झुंजण्यात तोटाच.

या दिवसांत कॉलेज बुडवू नये. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहेच आणि प्रवेशासाठी बारावीत ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के) लागतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना "आमची आता वकील होणार" असे सांगत सुटणेही टाळावे. त्या वाक्याचे ओझे मुलीच्या डोक्यावर बसते.

दुसरे दार

विधी विद्यापीठांची फी वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात जाते. तेव्हा निवड झाली तरी पैशांचा विचार करावाच लागतो. मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ सालचे आय. एल. एस. या नावाजलेल्या कॉलेजांत राज्याच्या विधी सीईटीतून प्रवेश मिळतो. तिचा पेपर मराठीतही असतो, चुकीला गुण कापत नाहीत आणि ती बोर्डानंतर होते. डिसेंबरची तयारी तिथेही बरीच कामी येते. तिचा फॉर्म मात्र वेगळा भरावा लागतो आणि मुलगी तेव्हा बोर्डाच्या गडबडीत असते. ती तारीख आईबाबांनीच कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.